कुंडलिकेच्या काठी मुक्काम

एप्रिल उजाडेपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याच्या बहुतेक नद्यांमध्ये डोह तेवढे उरतात. कोलाडची कुंडलिका मात्र ऐन उन्हाळ्यातही सकाळी भरून वाहते. या पाण्याच्या जोरावर भिऱ्यापासून कोलाडपर्यंत काठाकाठाने होमस्टे, तंबू आणि भाड्याची घरं उभी राहिली आहेत. शनिवारी दुपारी पोहोचायचं, रविवारी संध्याकाळी निघायचं, असा मुंबई-पुणेकरांचा बेत इथे छान जमतो.

आम्ही उतरतो ते घर कौलारू आहे. पुढे पडवी, मागे भाताचं खाचर, खाचरापलीकडे नदी. पहाटे पात्रातले खडक उघडे असतात, त्यांवर बगळे बसलेले असतात. मग वरच्या अंगाला घरघर सुरू होते आणि बघता बघता एकेक खडक पाण्याखाली जातो. घरच्या काकू पडवीतूनच हाक मारतात, "पाणी सुटलं, पोरांना वर बोलवा!" राफ्टिंगच्या फेऱ्या सकाळीच का असतात, ते तेव्हा नीट कळतं. पाणी सोडल्यावरच रबरी होड्या निघतात आणि सुमारे 12 किलोमीटरचा प्रवाह उतरून जातात.

हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाही. ते मुळा नदीचं आहे, म्हणजे पूर्वेकडे भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाणारं. मुळशीला धरण बांधून टाटांनी ते अडवलं, घाटमाथ्यावरून सुमारे 500 मीटर खाली आणलं आणि भिऱ्याच्या वीजघरात त्यावर वीज तयार केली. ही वीज 1927 पासून मुंबईला मिळू लागली. जनित्रं फिरवून झालेलं पाणी कुंडलिकेत येतं आणि रोह्यावरून रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं.

त्या धरणाखाली मावळातली भाताची जमीन गेली, गावं गेली. त्याविरुद्ध शेतकरी 1921 साली सत्याग्रहाला उभे राहिले. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यात. शेतकरी हरले, धरण पूर्ण झालं. कुंडलिकेत होडीतून उतरताना प्रत्येकाने मनात शोक करावा असं मी म्हणत नाही. पण हे पाणी कुणाच्या शिवारावरून आलंय, एवढं तरी मुलांना सांगावं. शाळेच्या पुस्तकापेक्षा ते इथे लवकर कळतं.

थंडीत गेलात तर काकूंना पोपटी लावायला सांगा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, आवडत असेल तर मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी, वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद. पाण्याचा एक थेंबही घालत नाहीत. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवतात. मडक्यावर शिंपडलेलं पाणी चुर्र झालं की पोपटी झाली. शेंगांना पाल्याचा तो किंचित कडवट, धुरकट वास लागतो. हे सोडून तिथेही पनीर मागणाऱ्या पाहुण्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. ताम्हिणीचा पाऊस प्रचंड, आणि तो कोसळला की नदी तासाभरात रूप बदलते. "अगदी पाण्याला लागून खोली" ही जाहिरात तेव्हा भुरळ घालते, आणि तीच मला धोक्याची वाटते. राज्यात नदीकाठाला दोन पूररेषा आखतात. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतला पट्टा निषिद्ध मानला आहे. तिथे पाहुण्यांना झोपवणं हा व्यवसाय नव्हे, जिवाशी खेळ आहे. नदीपासून दोनशे पावलं मागे असलेलं, गावातल्याच कुटुंबाने चालवलेलं घर कधीही बरं. पाणी केव्हा चढतं आणि कुठवर येतं, हे त्या माणसांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक असतं.

पुण्याहून जाणार असाल तर ताम्हिणीमार्गे जा आणि मुळशीच्या जलाशयापाशी थोडं थांबा. घर ठरवताना भाड्याच्या आधी दोन प्रश्न विचारा. घर पूररेषेबाहेर आहे का? आणि पाणी किती वाजता सुटतं? उत्तर देताना मालक चाचरला, तर दुसरं घर बघा.