फारसी अक्षरं दिसली की नाणं 'तुमच्यातलं'?

हातखंब्याच्या तिठ्यावर चहा पिताना ओळखीच्या एका शेतकऱ्याने रुमालातून काळपट चांदीचं नाणं काढलं. "भाई, नांगरताना मिळालं. तुमच्यातलं दिसतंय. कलमा आहे काय बघा."

माझी उर्दू शाळेतलीच. तरी 'शाह आलम' एवढं लागलं. कलमा नव्हता.

'तुमच्यातलं' मात्र टोचलं. शाह आलमचं नाव तर ईस्ट इंडिया कंपनीही आपल्या सुरती रुपयावर घालत होती, आणि बादशहा वारल्यावरही वर्षानुवर्षं तोच ४६ वा जुलूस छापत राहिली. १८३५ साली कुठे विल्यम राजाचं डोकं रुपयावर आलं. पेशवाईतल्या पुण्याच्या अंकुशी रुपयावरही मुघल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर असे. बाजारात जे नाणं चालतं त्याची लिपी टांकसाळ उचलते. त्यात धर्म शोधायला आपण आत्ता शिकलो. उलट औरंगजेबाने नाण्यांवरचा कलमा काढून टाकला, हे आपल्यातल्याही किती जणांना ठाऊक आहे?

कोकणात तर नाणं गोलच असेल असंही नाही. चांदीची तार दुमडून केलेली, केसाच्या आकड्यासारखी लारी विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने पाडली. नाव इराणातल्या लार गावावरून आलं. शेतात मिळाली तर तुटका दागिना समजून ती सोनाराकडे वितळायला जाते. तिच्यावर हिजरी साल असेल तर हिशोब सोपा आहे: १०७१ म्हणजे इ.स. १६६०-६१.

म्हणून आधी चिंच-राखेने घासू नका. अक्षरं जातात. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन करा, कुठल्या शेतात मिळालं ते लिहून ठेवा. १८१८ सालाची, देवांची चित्रं असलेली 'कंपनीची' नाणी कोणी लाखाला विकत असेल तर सरळ उठून या, ती बनावट.

शेतकऱ्याला मी कायदाही सांगितला. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मालक निघाला नाही तर शोधणाऱ्याला तीन हिस्से, जमीनमालकाला एक. लपवलं तर हिस्साही जातो आणि शिक्षा वेगळी. दहा रुपये म्हटल्यावर तो हसला, मीही हसलो. पण ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवून रात्री शेतं धुंडाळणाऱ्या पोरांना हा आकडा कोणी सांगत नाही.

नाणं त्याने परत रुमालात बांधलं. "म्हणजे तुमचंही नाही नि आमचंही नाही?"

"दोघांच्या आज्यांनी बाजारात वापरलं असेल," मी म्हटलं. सोमवारी तो रत्नागिरीला जाणार आहे, मलाही बोलावलंय.