कमरेला टोचतं गं!

इचलकरंजीत सुताचा व्यापार करणारे आमचे एक काका आहेत. त्यांच्याकडे लायसन्सचं .३२ रिव्हॉल्व्हर. वसुली करून सांगलीहून परतताना ते असतं कुठे? डॅशबोर्डच्या कप्प्यात! "कमरेला टोचतं गं," म्हणे.

बॉस, घोळ इथेच आहे. टोचणारं होल्स्टर माणूस काढून ठेवतो, आणि गाडीतलं हत्यार चोरायला एक काच फोडली की झालं.

तासन् तास ड्रायव्हिंग करणाऱ्यांना क्रॉसड्रॉ बरं पडतं. म्हणजे उजखोऱ्या माणसाने होल्स्टर डावीकडे, कमरेच्या हाडाच्या जरा पुढे लावायचं, मूठ उजव्या हाताकडे. पण आपल्याकडे ड्रायव्हरच्या सीटबेल्टचं बक्कलही डाव्या कुशीशीच येतं. त्यामुळे दुकानात उभं राहून पसंत करू नका. रिकामं हत्यार घालून, गाडीत बसून, बेल्ट लावून बघा. पोट सुटलंय? (काकांचं सुटलंय.) मग जरा तिरकं बसणारं घ्या. ट्रिगर पूर्ण झाकला गेलाच पाहिजे. आणि पट्टा जाड चामड्याचा हवा, ऑफिसचा फॅन्सी बेल्ट वजनाने लोंबतो.

तोटाही आहेच. मूठ समोरच्याच्या हाताशी येते आणि उपसताना नळी डावीकडच्या माणसावरून फिरते. म्हणून वरून बटणाची पट्टी हवी, आणि शर्ट बाहेर. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसारही सार्वजनिक ठिकाणी हत्यार झाकलेलंच लागतं.

काकांनी शेवटी मापाचं शिवून घेतलं. आता रात्री जेवण अर्धवट टाकून पार्किंगमध्ये धावावं लागत नाही, असं काकू सांगत होत्या.