आरोग्यधन : मूत्रवाहिनीतला धातूचा स्टेंट

स्टेंट म्हटलं की आपल्याला हृदयच आठवतं. पण मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या मूत्रवाहिनीतही स्टेंट बसवतात. ही नळी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, पण रुंदीला अवघी ३-४ मिलिमीटर. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासारखी गाठ तिच्यावर दाबली, की लघवी मागे तुंबते, मूत्रपिंड फुगतं आणि कधी कधी फारसं न दुखताच निकामी होतं.

नेहमीचा स्टेंट प्लास्टिकचा. तो साधारण ३ ते ६ महिन्यांनी बदलावा लागतो. गाठीचा दाब वाढला तर तो असूनही लघवी अडते. धातूच्या तारेच्या घट्ट वेटोळ्यांचा स्टेंट हा दाब अधिक सोसतो. असा स्टेंट वर्षभरापर्यंत ठेवता येतो, म्हणून दीर्घ आजारातल्या रुग्णाच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात. मात्र तो महाग असतो, त्यावरही क्षार साचतात आणि तोही बंद पडू शकतो.

स्टेंट कुठलाही असो, तो आत आहे याचाच विसर पडणं धोक्याचं. घरी परतण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, ‘हा कधी बदलायचा?’ ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आणि थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागलं किंवा लघवी कमी झाली, तर तारखेची वाट पाहू नका.