ब्लॅक बेअरच्या मागावर? जरा जपून, बॉस!

ऑनसाइटला जाऊन वर्ष झालंय. नायगारा झाला, व्हेगस झालं, पानगळीचे फोटो आईबाबांना पाठवून झाले. आणि एक दिवस टीममधला अमेरिकन कलीग कॉफी मशिनपाशी अगदी सहज विचारतो, ‘‘थँक्सगिव्हिंगच्या आधी आम्ही बेअर हंटिंगला जातोय. येतोस?’’

आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. शिकार म्हटलं की थेट कोर्ट आणि तुरुंगच आठवतो. पण पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात हा लायसन्स काढून करायचा, ठरलेला सीझन असलेला प्रकार आहे. सो, एक्साइट होऊन ‘येस’ म्हणण्याआधी एवढं वाचाच!

आधी कागद, मग बंदूक
एच-१बी किंवा स्टुडंट व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार एरवी बंदूक बाळगणं हाच गुन्हा ठरतो. राज्याचं व्हॅलिड हंटिंग लायसन्स हा त्यातला महत्त्वाचा अपवाद. म्हणजेच, ते खिशात येईपर्यंत ‘जरा धरून तर बघ’ म्हणत पुढे केलेल्या रायफलला हातसुद्धा लावायचा नाही. शंका वाटली तर इमिग्रेशन वकिलाला फोन करा. त्याची फी व्हिसा गमावण्यापेक्षा स्वस्तच पडेल! पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. शिवाय साध्या लायसन्सवर अस्वलासाठी वेगळं लायसन्स. थोडक्यात, शुक्रवारी ठरवलं आणि शनिवारी निघालो, असं इथे चालत नाही.

राज्य बदललं की नियम बदलले
मेनमध्ये आमिष ठेवून शिकार करता येते. तिथल्या मतदारांनी २००४ आणि २०१४ मध्ये त्यावरची बंदी फेटाळली. कोलोरॅडोच्या मतदारांनी मात्र १९९२ मध्ये आमिष आणि शिकारी कुत्रे दोन्ही बंद केले. पेनसिल्व्हेनियात हे दोन्ही चालत नाहीत. त्यामुळे कलीगचा अनुभव दुसऱ्या राज्यातला असेल, तर त्याच्या शब्दावर जाऊ नका. नियमांचं पुस्तक स्वतः वाचा.

दिसलं की झाडली? नो वे!
नावात ‘ब्लॅक’ असलं तरी हे अस्वल तपकिरी किंवा अगदी सोनेरीही असू शकतं. मोंटानात ग्रिझली अस्वलंही आहेत आणि त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून तिथे अस्वल ओळखण्याची टेस्ट पास झाल्याशिवाय लायसन्सच मिळत नाही. ग्रिझलीच्या खांद्यावर उंचवटा असतो, ब्लॅक बेअरच्या नसतो. डोक्याच्या मानाने कान मोठे दिसले तर जनावर लहान समजायचं. आणि घाई तर अजिबात नको, मागून पिल्लं येतायत का ते बघा. अनेक राज्यांत पिल्लं सोबत असलेल्या मादीला मारणं गुन्हा आहे.

अस्वलाचं नाक भलतंच तिखट. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल, तर परफ्युम काय आणि नुसता घाम काय, ते तुम्हाला दिसणारच नाही. पूर्ण आडवं उभं असेल तेव्हाच, पुढच्या पायाच्या किंचित मागे, फुप्फुसावर नेम धरायचा. जाड चरबी आणि केसांमुळे रक्त बाहेर फारसं सांडत नाही. त्यामुळे जखमी अस्वल शोधणं महाकठीण. ते कुठेतरी तडफडत राहतं. नेमाची खात्री नसेल तर गोळी झाडायची नाही, बस्स! रेंजवरची प्रॅक्टिस याचसाठी असते. पेनसिल्व्हेनियात मारलेलं अस्वल २४ तासांत चेक स्टेशनवर न्यावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

आणि ते मटण?
मांस लवकर थंड करा, जाड कातड्याखाली ते पटकन बिघडतं. आणि शिजवताना थर्मामीटर लावाच. २०२२ मध्ये साउथ डकोटात एका कुटुंबाच्या गेट-टुगेदरला अस्वलाचे कबाब होते. मांस ४५ दिवस फ्रीझरमध्ये होतं, तरी ६ जणांना ट्रायकिनेला जंतांचा संसर्ग झाला. त्यातल्या दोघांनी तर फक्त सोबत शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या! मांस मुळात गडद रंगाचं, त्यामुळे कच्चं राहिलेलं कळत नाही. आतपर्यंत १६५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण ७४ सेल्सिअस तापमान हवंच. कातडं सामानात टाकून मुंबईला आणायचा विचार तर सोडूनच द्या. साइट्स करारामुळे त्याला परमिट लागतं.

एवढं सगळं करूनही ऐन वेळी ‘आपल्याला हे जमणार नाही’ असं वाटलं तर? बिनधास्त मागे फिरा. १९०२ मध्ये मिसिसिपीत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापुढे एक ब्लॅक बेअर बांधून ठेवलं होतं. ‘हा खेळ नव्हे’ म्हणून त्यांनी गोळी झाडली नाही. त्यावर कार्टून आलं आणि त्यातूनच टेडी बेअर जन्माला आला. कलीग चिडवेल, चिडवू दे. सोमवारी कॉफी तुमच्याकडून!