आधी जुना प्लग बघा

देवनहळ्ळी, कनकपुरा भागातल्या फार्महाउसांवर जुने पेट्रोल-रॉकेलचे ट्रॅक्टर हौसेने आणून ठेवणारे लोक आहेत. मी बंगळुरातला मराठी मिस्त्री, अशी इंजिनं दुरुस्त करतो. इंजिन मिसिंग करतंय म्हणून जे. सी. रोडवरून नवे स्पार्क प्लग आणून बसवणं, याला मी दुरुस्ती मानत नाही. आतला बिघाड तसाच राहिला तर नवा प्लगही काळा पडणारच.

प्लग काढले की सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडावेत. चारही प्लगांवर बोटाला लागणारी सुकी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. चोक अडकलाय का, एअर क्लीनर तुंबलाय का, ते बघा. पेट्रोलने भिजलेला प्लग म्हणजे बहुधा ठिणगीच पडत नाही; मॅग्नेटो, पॉइंट, वायर तपासा. एकच प्लग तेलकट, चकचकीत काळा असेल तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. नाही चढला तर व्हॉल्व्हकडे वळा.

मालकांनाही एक कळकळीचं सांगणं आहे. पाहुण्यांना दाखवायला पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करू नका. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं तरच त्यावरची काजळी जळते, आणि नुसत्या आयडलिंगवर ते तेवढं तापत नाही. ट्रॉली लावा, नांगर लावा, इंजिनाला ओढू द्या. रॉकेलवर घेण्याची घाई तर मुळीच नको. थंड इंजिनात न जळलेलं रॉकेल प्लग भिजवतं, सिलिंडरचं तेल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. मग बेअरिंगांचंही काही खरं नाही.

हे बंगळुरात सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं. १९५१ साली स्थापन झालेली, २००८ पासून बॉश नावाने चालणारी मायको कंपनी इथल्या आडुगोडीची. तिचे स्पार्क प्लग देशभर वापरले गेले. टू-स्ट्रोक स्कूटरवाले डिकीत प्लगपाना ठेवत आणि प्लग स्वतः घासत. आजच्या पोरांच्या हातात स्कॅनर आहे, पण या ट्रॅक्टरांना स्कॅनर लावायला जागाच नाही. दोष पोरांचा नाही, त्यांना कुणी दाखवलंच नाही. आयटीआयच्या प्रॅक्टिकलला नव्या प्लगांसोबत वापरलेले, खराब झालेले प्लगही ठेवावेत. आणि मालकांनी बिल देण्याआधी जुने प्लग मागून घ्यावेत, कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हेही विचारावं.