पाहुण्या शिक्षकाची सनद आणि मराठी शाळेची पाटी

1 नोव्हेंबर 1956 ही तारीख सीमाभागाला विसरता येत नाही. त्या दिवशी बेळगाव, खानापूर, निपाणी, भालकी म्हैसूर राज्यात गेली. पण त्याच दिवशी मराठी मुलखावर दुसरीही एक रेघ ओढली गेली, तिची आठवण आपल्याकडे क्वचितच निघते. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बऱ्हाणपूर, मुलताई, सौसर, पांढुर्णा येथला मराठी माणूस मध्य प्रदेशात राहिला. त्याची राजधानी भोपाळ झाली. आज आम्ही भोपाळचा विषय काढतो आहोत, कारण आपल्या गावच्या शाळेला सध्या जो रोग जडला आहे, त्याचे औषध म्हणा की पथ्य म्हणा, तेथे पाहायला मिळते.

रोगाचे नाव आहे रिकामी जागा. कायम शिक्षक निवृत्त होतो, नवी भरती होत नाही आणि त्याच्या जागी वर्षापुरता ‘अतिथी शिक्षक’ येतो. मध्य प्रदेशात हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर चालते. भोपाळ रेल्वे स्थानकाच्या पूर्वेला अशोका गार्डन ही वस्ती आहे. तेथे राहणाऱ्या एखाद्या मराठी मुलीला सरकारी शाळेत अतिथी शिक्षिका व्हायचे असेल, तर कोणाच्या वशिल्याने सुरुवात करून भागत नाही. शिक्षण खात्याच्या ऑनलाइन नोंदवहीत नाव घालायचे, मूळ कागद संकुल प्राचार्यांकडून तपासून घ्यायचे, गुण आणि अनुभव यांवरून गुणपत्रक तयार होते आणि त्या क्रमाने बोलावणे येते. 2 सप्टेंबर 2023 रोजी भोपाळात अतिथी शिक्षकांची महापंचायत भरली. तीत तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी मानधन दुप्पट करण्याची घोषणा केली. वर्ग तीनला 5 हजारांचे 10 हजार, वर्ग दोनला 7 हजारांचे 14 हजार आणि वर्ग एकला 9 हजारांचे 18 हजार रुपये. एवढ्याने पोट भरते असे नाही. पण क्रम लागला आणि दर ठरला की भांडायला तरी जागा राहते.

अशोका गार्डनमधली ही मुलगी बहुधा हिंदीतूनच शिकवणार. तिचा प्रश्न पोटाचा आहे. आपल्याकडे तो पोटाचाही आहे आणि शाळेच्या पाटीचाही. मराठी शाळेत मराठी न जाणणारा शिक्षक आला, तर कोणी शाळा बंद केल्याचा हुकूम काढत नाही. पालकच दाखले काढून नेतात. दोन-तीन वर्षांनी ‘पटसंख्या कमी’ असा शेरा पडतो आणि सारे संपते. मोर्चा काढायलाही कारण उरत नाही.

म्हणून अतिथी शिक्षकाची जागा निघेल त्या दिवशी गावातला पात्र मराठी उमेदवार कागदांसह तयार असला पाहिजे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत बदली शिक्षकालाही सरकारी परवाना काढावा लागतो. आपल्या देशात त्या परवान्याच्या सर्वांत जवळ जाणारा कागद म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचे, टीईटीचे प्रमाणपत्र. 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकाला ती आवश्यक ठरली. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर नोकरीची पाच वर्षांहून अधिक वर्षे उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण होण्यास सांगितले. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा तेवढा मोठ्या पीठाकडे गेला आहे. कायम शिक्षकाची ही गत, तर उद्या पाहुण्याला कोण सोडणार?

वाट अशी आहे. बारावीला सर्वसाधारणपणे 50 टक्के गुण, त्यानंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतून दोन वर्षांची डी.एल.एड., म्हणजे आपल्या बोलण्यातली डी.एड. घरातली मुले बी.एड.कडे धावतात, त्यांना सांगा की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, असा निकाल 11 ऑगस्ट 2023 रोजी लागलेला आहे. मग टीईटीचा पहिला पेपर. 150 गुण, पाच भाग: बालविकास, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास. खुल्या वर्गाला 90 गुण लागतात. केंद्राच्या परीक्षेतील वीस भाषांमध्ये मराठी आहे आणि कन्नडही आहे. आमचा आग्रह आहे की पहिली भाषा मराठी घ्या आणि दुसरी कन्नड घ्या. कन्नड येणे हा कमीपणा नव्हे; गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत तेच हत्यार उपयोगी पडते. राज्याची परीक्षाही सोडू नका. 2021 पासून या प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत गेली, आता ते आयुष्यभर चालते. एकदाच घाम गाळायचा आहे.

पालकांचेही काम आहे. कर्नाटकात अतिथी शिक्षक नेमताना मुख्याध्यापक आणि एसडीएमसी यांच्या शब्दाला वजन असते. समितीची बैठक सह्या करून उठण्यासाठी नसते. शाळा उघडण्यापूर्वी किती जागा रिकाम्या आहेत हे विचारा, मराठी माध्यमाचाच शिक्षक हवा असा ठराव लिहून घ्या आणि त्याची पोच ठेवा. घटनेचे कलम 350 अ अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगते. ते कलम अर्जात लिहायला पैसे पडत नाहीत.

मात्र एक गोष्ट सरकारला स्पष्ट सांगितली पाहिजे. पाहुणा तो पाहुणाच. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 26 सांगते की शाळेतील रिकाम्या जागा मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नयेत. दरवर्षी जूनमध्ये बोलवायचे आणि वर्षअखेर घरी पाठवायचे, ही रीत त्या कायद्याच्या विरोधात जाते. शिकवणाऱ्याला उद्याची खात्री नाही आणि शिकणाऱ्याला पुढच्या वर्षी तेच गुरुजी भेटतील याचा भरवसा नाही. तेव्हा कायम भरतीची मागणी सोडता कामा नये.

सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर पहिलीच्या वर्गात बसलेले पोर थांबणार नाही. त्याच्यासमोर मराठीत ‘अ’ काढणारा माणूस उभा करणे एवढे तरी आपल्या हातात आहे. गावात डी.एड. झालेली मुलगी घरी बसली असेल, तर आज तिच्या हाती टीईटीचा अर्ज द्या.