शब्द एकच ‘संधिवात’, आजार मात्र अनेक; उल्हासनगरच्या जीन्स कारागिरांसाठी हा फरक का महत्त्वाचा?

उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या गल्ल्यांतून दुपारी चालत गेलं, तर शिलाई मशीनचा आवाज पाठ सोडत नाही. तळमजल्यावरच्या गाळ्यांत जीन्स शिवल्या जातात. बटणं लावणं, धागे कापणं अशी कामं घरात जमिनीवर बसून होतात. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर कारवाई झाली, तेव्हा या धंद्याच्या बातम्या आल्या. तिथे काम करणाऱ्यांच्या सांध्यांची बातमी मात्र होत नाही.

बोटं आखडली तरी ‘वात’, गुडघा सुजला तरी ‘वात’, चिकनगुनियानंतर महिनोन्‌महिने घोटा दुखत राहिला तरी ‘वातच’. घराघरात हा एक शब्द चालतो आणि बोलण्यात तो खटकतही नाही. अडचण उपचारांच्या वेळी येते. या नावाखाली येणाऱ्या एका आजारात सहा महिने थांबलं तरी फारसं बिघडत नाही, तर दुसऱ्यात तेवढ्याच काळात हाताची हाडं झिजायला सुरुवात होऊ शकते. संधिवातावरचं अलीकडचं बरंचसं संशोधन या फरकाभोवती फिरतं.

संधिवाताचे प्रकार कसे ओळखायचे?

सर्वांत जास्त आढळतो तो ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज. गुडघे, कंबर, बोटांची टोकं ही त्याची ठिकाणं. चाललं, जिने चढले की दुखतं आणि बसलं की बरं वाटतं. सकाळी सांधे आखडतात, पण साधारण अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला बरेच जण आमवात म्हणतात, उलट वागतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. मनगटं, बोटांची मुळं आणि मधली पेरं सुजतात, बहुतेक वेळा दोन्ही हातांची. सकाळचा ताठपणा तास-दोन तास टिकतो आणि हालचाल केली की कमी होतो. त्यामुळे शिलाई करणारी बाई ‘काम सुरू केलं की बरं वाटतं, म्हणजे काही मोठं नसेल’ असा समज करून घेते. खरं तर काम केल्यावर बरं वाटणं हीच इथली धोक्याची खूण आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार दोन ते तीन पट जास्त आढळतो आणि त्याला म्हातारपण लागत नाही. तिशी-चाळिशीतही तो सुरू होतो.

याशिवाय युरिक अ‍ॅसिडमुळे होणारा गाऊट आहे, सोरायसिसबरोबर येणारा संधिवात आहे, चिकनगुनियानंतर रेंगाळणारी सांधेदुखी आहे. नुसत्या ‘दुखतंय’वरून यातलं काहीही वेगळं काढता येत नाही.

महाराष्ट्रात किती जणांना?

याचं एक चांगलं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या भिगवणकडे आहे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ मध्ये तिथे घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाचा तो भाग होता. १८.२ टक्के लोकांना हाडं, स्नायू किंवा सांध्यांचं दुखणं होतं. झिजेचा संधिवात ५.८ टक्क्यांना आणि ऱ्हुमॅटॉइड सुमारे ०.५ टक्के लोकांना होता.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजारांच्या घरात होती. त्यातले सव्वातीन लाख प्रौढ धरले आणि भिगवणचं प्रमाण लावलं, तर सोळाशेच्या आसपास माणसं होतात. गाव आणि शहर सारखं नसतं, म्हणून हा हिशेब ढोबळच; पण एवढ्या रुग्णांसाठी संधिवाताची स्वतंत्र ओपीडी रोज भरून चालली पाहिजे, हे त्यातून कळतं.

कापडाच्या धुळीचा सांध्यांशी काय संबंध?

मलेशियातलं एक संशोधन कॅम्प ५ मध्ये वाचलं जायला हवं. ‘अ‍ॅनल्स ऑफ द ऱ्हुमॅटिक डिसीजेस’ या नियतकालिकात २०१६ च्या सुमारास ते आलं. नुकताच ऱ्हुमॅटॉइड झालेल्या ९१० स्त्रिया आणि तो नसलेल्या ९१० स्त्रिया यांची त्यात तुलना केली होती. रुग्ण स्त्रियांपैकी ४१ जणी कापडाच्या धुळीत काम केलेल्या निघाल्या, तर निरोगी गटात फक्त १५. म्हणजे धुळीशी संबंध आलेल्यांमध्ये या आजाराची शक्यता जवळपास पावणेतीन पट. ‘एचएलए-डीआरबी१’ या जनुकाचे विशिष्ट प्रकार ज्यांच्यात होते आणि ज्या धुळीतही काम करत होत्या, त्यांच्यात ती शक्यता कितीतरी अधिक वाढलेली दिसली.

धूळ फुप्फुसात जाते, मग त्रास बोटांना का? सिगारेटबाबत हे कोडं बऱ्यापैकी सुटलेलं आहे. धुरामुळे फुप्फुसाच्या अस्तरातल्या काही प्रथिनांची रचना बदलते. शरीर त्या बदललेल्या प्रथिनांना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतं. रक्तातल्या ‘अँटी-सीसीपी’ चाचणीत दिसतात त्या याच. सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षं आधीही त्या रक्तात सापडू शकतात. दगडाच्या, सिलिकाच्या धुळीचाही असाच संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे आणि कापडाची धूळ याच वाटेने काम करत असावी, असा अंदाज आहे.

४१ आणि १५ हे आकडे लहान आहेत. एवढ्यावरून ‘जीन्स शिवली की आमवात होतो’ असं म्हणणं चूक ठरेल. तरी मास्क, खिडकी आणि धूळ बाहेर खेचणारा पंखा या गोष्टी मागायला हे पुरेसं कारण आहे. कामगार विम्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा ‘बिसिनोसिस’ आहे, संधिवात नाही. शिवाय हा विमा साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो. चार मशीनचा गाळा आणि घरी बसून नगावर धागे कापणारी बाई त्यात येतच नाहीत.

सुरुवातीच्या महिन्यांना एवढं महत्त्व का?

ऱ्हुमॅटॉइडमध्ये लक्षणं दिसल्यापासूनचे पहिले तीन ते सहा महिने निर्णायक मानले जातात. या काळात औषध सुरू झालं तर आजार शांत होण्याची शक्यता मोठी असते. नंतर औषधाने सूज उतरते, पण हाडाची झालेली हानी आणि वाकडी झालेली बोटं पूर्ववत होत नाहीत.

मुख्य औषध आजही मेथोट्रेक्सेट हेच आहे. ते जुनं, स्वस्त आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतलं आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ‘गोळी म्हणजे रोज’ या सवयीने ते रोज घेतलं गेल्याने जगभरात मृत्यू झाले आहेत. सोबत फॉलिक अ‍ॅसिड आणि ठरावीक काळाने रक्ताची, यकृताची तपासणी लागते. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

आजार होण्याआधीच तो रोखता येईल का, याचाही शोध सुरू आहे. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये झालेल्या ‘अ‍ॅपिप्रा’ चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. रक्तात प्रतिपिंडं आहेत, सांधे दुखतात, पण अजून सुजलेले नाहीत, अशा २१३ जणांची निवड झाली. काहींना वर्षभर दर आठवड्याला अ‍ॅबाटासेप्टचं इंजेक्शन मिळालं, बाकीच्यांना औषध नसलेलं. वर्षअखेरीस पहिल्या गटात ६ टक्के जणांना संधिवात झाला, दुसऱ्यात २९ टक्के. इंजेक्शन थांबल्यानंतर हे अंतर कमी झालं. दोन वर्षांनी आकडे २५ आणि ३७ टक्के होते. आजार पुढे ढकलता येतो, हे सिद्ध झालं. पण अजून सुजेचं नावही नसलेल्या माणसाला वर्षभर महागडं इंजेक्शन द्यायचं का, हा प्रश्न श्रीमंत देशांनाही पडलेला आहे.

भारतात मेथोट्रेक्सेटने भागलं नाही तर बायोलॉजिक औषधांकडे वळतात. अदालिमुमॅबचा जगातला पहिला बायोसिमिलर झायडसने डिसेंबर २०१४ मध्ये भारतातच आणला आणि किमती खाली आल्या. पण या औषधांमुळे शरीरात झोपलेला क्षयरोग जागा होऊ शकतो. दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्यांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी केली जाते. ती टाळून कोणी इंजेक्शन देत असेल तर कारण विचारावं.

पुडीने दोन दिवसांत आराम कसा पडतो?

याचं उत्तर अनेकदा एकाच शब्दात असतं: स्टेरॉइड.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर १९४८ मध्ये डॉ. फिलिप हेंच यांच्या गटाने ऱ्हुमॅटॉइडने खाटेला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन दिलं. काही दिवसांत ती चालू लागली. पुढच्या वर्षी, इकडे ८ ऑगस्ट १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांनी निर्वासितांच्या छावणीत उल्हासनगरची कोनशिला बसवली, तेव्हा कॉर्टिसोनची जगभर चमत्कार म्हणून चर्चा चालू होती. १९५० मध्ये हेंच यांना नोबेल मिळालं. पण तोवर चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, जंतुसंसर्ग हे परिणामही दिसू लागले होते. आज स्टेरॉइड वापरलं जातं ते कमी मात्रेत, थोड्या काळासाठी, मुख्य औषधाचा परिणाम सुरू होईपर्यंत.

‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत हीच औषधं न सांगता मिसळल्याचं वारंवार उघड झालं आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये ‘आर्ट्री किंग’ नावाच्या सांधेदुखीच्या उत्पादनाबाबत इशारा दिला. लेबलवर उल्लेख नसताना त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक सापडलं होतं. अशा पुडीने दुखणं थांबतं, आजार आतून चालू राहतो आणि उपचारांचे मोलाचे महिने निघून जातात.

कोणी महिनोन्‌महिने अशी पुडी घेत असेल तर हे वाचून ती एकदम बंद करू नये. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि मात्रा हळूहळू उतरवावी.

याचा अर्थ आयुर्वेदाला मोडीत काढावं असा नाही. भिगवणची पाहणी करणाऱ्या डॉ. चोप्रांच्याच गटाने गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर आयुर्वेदिक मिश्रणं, ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिब यांची २४ आठवड्यांची तुलना केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत आयुर्वेदिक औषधं वेदनेवर तुल्यबळ ठरली. पण काही रुग्णांत, मुख्यतः आयुर्वेदिक गटांत, यकृताचं एसजीपीटी वाढलं. सात जणांचं औषध थांबवावं लागलं, मग ते उतरलं. ‘वनस्पती आहे, अपाय नाही’ या समजुतीला मोजमाप लावलं की काय दिसतं, त्याचा हा नमुना.

गुडघ्यांसाठी नवीन काय?

झिजेच्या संधिवातात झिजलेली कूर्चा परत आणणारं औषध अजून बाजारात नाही. वजन मात्र फरक पाडतं. एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असं २००५ मधल्या एका अभ्यासात आढळलं.

म्हणूनच सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनची चर्चा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत लठ्ठपणा आणि गुडघेदुखी असलेले ४०७ जण होते. ६८ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचं वजन १३.७ टक्क्यांनी घटलं आणि १०० गुणांच्या पट्टीवर वेदना सुमारे ४२ गुणांनी उतरली. ज्यांना औषध नसलेलं इंजेक्शन मिळालं, त्यांची वेदनाही २७.५ गुणांनी उतरली. आहार आणि व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता, हे बातम्यांत फारसं आलं नाही. हे इंजेक्शन लठ्ठ नसलेल्यांच्या गुडघ्यांसाठी नाही. भारतात त्याच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची असल्याने स्वस्त पर्यायांच्या जाहिराती वाढणार आणि त्या सगळ्यांच्याच गुडघ्यांना हाका मारतील.

शेवटचा उपाय सांधेबदल. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्यासाठी ती ५४,७२० रुपये, अधिक कर अशी होती. मर्यादा फक्त इम्प्लांटला आहे. खोली, शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपीचं बिल तिच्या बाहेर राहतं.

कॅम्प ५ मधल्या रुग्णाने जायचं कुठे?

संधिवाततज्ज्ञ होण्यासाठी एमडीनंतर डीएम करावं लागतं आणि असे डॉक्टर मोठ्या शहरांतच एकवटलेले आहेत. सरकारी-पालिका व्यवस्थेत परळच्या केईएम रुग्णालयात हा स्वतंत्र विभाग आहे. सकाळी बोटं वळत नसलेल्या बाईने गर्दीच्या लोकलमध्ये दांडा धरून तिथवर जायचं, शिवाय त्या दिवसाची मजुरी बुडवायची.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात कॅम्प ५ ला लागून असलेल्या अंबरनाथचं नाव होतं. तिथे लगेच संधिवाताचा स्वतंत्र विभाग येईल असं नाही. पण मेडिसिनच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एक दिवस सुजलेल्या सांध्यांची ओपीडी चालवली, तरी पहिली गाळणी घराजवळ लागू शकते. तिच्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत: हाताने सांधे दाबून पाहणं, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी आणि हातांचा एक एक्स-रे. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला तरी ऱ्हुमॅटॉइड असू शकतो आणि पॉझिटिव्ह आला तरी तो नसू शकतो. त्यामुळे फक्त रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून हे निदान होत नाही. डॉक्टरला हात दाखवावाच लागतो.